राकुलच्या लग्नाचं शेपूट

शेपटाच्या टोकाला बर्फाचा एक मणी अजून चिकटून होता. बाकी सगळं वितळलं होतं — हाडाचा चपटा तुकडा, त्यावरचं खरडून साफ केलेलं कातडं, मुळाशी उरलेला लोकरीचा पांढरा झुबका — आणि खाली पसरलेलं वर्तमानपत्र ओलं होऊन मासळीच्या भावांचा रकाना निळसर दिसायला लागला होता. पण तो मणी काही गळत नव्हता, आणि मिक्याल खुर्ची पुढे ओढून त्याच्याकडे बघत बसला होता, जणू तो गळला की पहिली ओळ सुचणार होती.

ओळी सुचत नव्हत्या असं नाही. सकाळपासून त्या ढिगाने येत होत्या, दाढी करताना, कोंबड्यांना दाणे टाकताना, बुटांना पॉलिश करताना... पण प्रत्येक ओळीत कुठून तरी एक नवरदेव येऊन उभा राहत होता. टोपी तिरकी घातलेला नवरदेव, बोटीत ओकणारा नवरदेव, मेंढ्या हाकायला जाऊन स्वतःच चुकलेला नवरदेव. सामुद्रधुनीच्या या बाजूला जेवढी लग्नं झाली त्यातल्या बहुतेकांचं शेपूट मिक्यालने बांधलं होतं. मेंढ्याचं शेपूट घ्यायचं, त्याला रंगीत फिती बांधायच्या, सूप आटोपलं की बांधणाऱ्याने पहिलं कडवं म्हणून ते शेजाऱ्याच्या हातात द्यायचं, आणि ज्याच्या हातात ते येईल त्याने तिथल्या तिथे चार ओळी जुळवून पुढे सरकवायचं. अडखळला की सगळं टेबल बडवलं जातं. कडव्यात चिमटा हवा. नुसतं गोड बोलणाऱ्याच्या हातात गाव दुसऱ्यांदा शेपूट देत नाही. आणि चिमटा खरा हवा, खोटा चिमटा कुणाला लागत नाही.

मिक्यालचे सगळे चिमटे नवरदेवाच्या मापाचे होते. आज नवरदेव नव्हता. आज त्याची एकुलती एक मुलगी राकुल होती, आणि टोरा होती.

टोरा चांगली होती. दक्षिणेच्या बेटावरची, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारी, नखांत नेहमी थोडं काळं. पहिल्यांदा घरी आली तेव्हा जेवण झाल्यावर काही न विचारता तिने त्याचा बंद पडलेला गवत कापायचा यंत्र-विळा उघडून बसवला होता, आणि तो सुरू झाल्यावर, “आता बघा,” एवढंच म्हणाली होती. अशा माणसाला चिमटा काढायला काय अवघड आहे? काहीच नाही. अवघड होतं ते दुसरं. मिक्याल गावच्या चर्चमधला वाचक होता. पाद्री चार गावांना मिळून एक, त्यामुळे बहुतेक रविवारी वेदीपाशी उभा राहून प्रवचनांच्या पुस्तकातून मिक्यालच वाचायचा, आणि काही वर्षांपूर्वी संसदेत दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना लग्न करू देणारा तो कायदा चर्चेला आला तेव्हा गावच्या सभेत उठून तोच बोलला होता.

आणि तरी राकुलने शेपूट बांधायला त्यालाच सांगितलं.

गेल्या शरदात, मेंढ्या कापायच्या दिवसांत, ती मदतीला आली होती. बाहेर खोपीत ती वाडग्यातलं रक्त ढवळत होती — रक्त गोठू नये म्हणून ढवळायचं थांबवता येत नाही, म्हणूनच कदाचित तिने ती वेळ निवडली असेल, हात गुंतलेले, मान खाली — आणि म्हणाली, “बाबा, जुलैमध्ये लग्न करतोय आम्ही. टोरा आणि मी. इथंच, गावच्या हॉलमध्ये. शेपूट तू बांधशील ना?”

मिक्यालच्या हातात सुरी होती. समोर कातडं काढलेला मेंढा उलटा टांगलेला होता. आणि त्याच्या तोंडातून जे पहिलं वाक्य निघालं ते असं होतं: “मेंढ्याचं की मेंढीचं?”

हे वाक्य त्याला नंतर कुठेही गाठायचं. दुकानात रांगेत, प्रवचन वाचताना दोन परिच्छेदांच्या मधल्या रिकाम्या जागेत. अभिनंदन नाही, विरोध नाही, ‘बाळा’ नाही. वापर मेंढ्याच्या शेपटाचाच असतो, नवरदेवाचा मान म्हणून, आणि आता दोघी नवऱ्या म्हटल्यावर एका नेमक्या माणसाला जो नेमका प्रश्न पडायचा तो पडला, इतकंच. पण त्या क्षणी जगात दुसरा एकही प्रश्न नसावा?

राकुल ढवळत राहिली. “तुला योग्य वाटेल ते,” ती म्हणाली. अगदी नम्रपणे.

तो नम्रपणा... शेपटापेक्षा मिक्यालला त्याचीच भीती वाटत होती. लहानपणी ही पोरगी नम्र नव्हती. रविवारी चर्चमधून घरी येताना फाटकापर्यंत ती त्याच्या प्रवचनाचे तुकडे करायची. बायबलातल्या योनाला गिळणारा मासा होता की देवमासा. देवमासा असेल तर कोणता, कारण आपल्या खाडीत येतात त्यांचा घसा एवढा नसतो, हे तिने स्वतः बघितलंय. आणि तू न बघता कसं वाचतोस, बाबा? त्याची बायको एल्सपा दारातून ओरडायची की बटाटे गार होताहेत, आणि हे दोघं फाटकाशी उभे राहून योनाचा घसा मोजताहेत. मोठी झाल्यावर प्रश्न मोठे झाले, आवाज मोठा झाला, दारं आपटली गेली. आपटलेल्या दाराचा आवाज घराला शोभून दिसत असे, हे दार आपटायचं थांबल्यावर कळतं.

सभेत तो काय बोलला होता ते त्याला अजून पाठ होतं. सरकारी कचेरीत ज्याला ज्याच्याशी लग्न करायचं असेल त्याने करावं, ते सरकारने ठरवावं. पण वेदीसमोर काय म्हणायचं ते चर्चने ठरवावं, आणि ज्याच्या मनाला पटत नाही त्याच्या तोंडात कायद्याने शब्द कोंबू नयेत. आज तुम्ही आमच्या तोंडात कोंबाल, उद्या कुणी तुमच्या. लोकांनी पाय आपटून दाद दिली. रेडिओवाले आले होते, त्यांनी ते सगळं लावलं. कायदा झाला, आणि त्यात चर्चला वेगळं ठेवलं गेलं. म्हणजे दोन्ही बाजू जिंकल्या, असं पेपरात आलं. त्या रविवारी कोपनहेगनहून राकुलचा फोन आला. ती तिथे नर्स होती. “बाबा, रेडिओवर तुझा आवाज चांगला येतो,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तिकडं हवा कशी आहे?”

तेव्हापासून हवा. या बेटांवर हवेला तोटा नाही, तासातासाला बदलते. बाप-लेकीला त्यावर आयुष्यभर बोलता आलं असतं. धुकं आहे. धुकं गेलं. वारा पडलाय. टोराबद्दल तिने एल्सपाला आधी सांगितलं, आणि एल्सपाने त्याला, मटण वाढता वाढता, “दक्षिणेची आहे पण बोलणं कळतं,” असं. त्याला आरडाओरडा हवा होता. तिने येऊन म्हणायला हवं होतं, तू असं कसं बोललास. तो तयार होता, त्याच्याकडे उत्तरं होती, रांगेने लावून ठेवलेली, आणि ती कुणी मागितलीच नाहीत.

“शेपटाकडं असा बघतोयस, जसं काही ते तुला नमस्कार करणार आहे,” एल्सपा आत येत म्हणाली. तिच्या हातावर त्याची विणलेली बंडी होती, चांदीच्या बटणांची, आणि बटणं तिने घासून इतकी चकचकीत केली होती की त्यांच्यात खिडकी दिसत होती.

“यमक जुळत नाहीये.”

“शेवटी मेंढ्याचंच घेतलंस?”

“दोन्ही ठेवली होती फ्रीजरमध्ये. मग हेच काढलं. दिसायला बरं आहे.”

“फिती बांधल्यावर कोण बघायला येणारे खाली वाकून?” ती म्हणाली, आणि स्वतःच हसली, आणि तोही हसला, आणि तेवढ्यात फोन वाजला. एल्सपाने घेतला. ऐकता ऐकता ती खिडकीपाशी गेली, पडदा बाजूला केला, “अगं बाई,” म्हणाली, आणि फोन ठेवून त्याच्याकडे वळली. “युस्टीनुसचा झेंडा अर्ध्यावर आहे.”

गावात लग्न असलं की घरोघर झेंडा चढतो. मिक्याल पहाटेपासून, बघत नाही असं स्वतःला सांगत, बघत होता. पाववाल्याकडे चढला, शाळेवर चढला, म्हाताऱ्या बिरिताच्या काठीवर तर सगळ्यांच्या आधी. खालच्या अंगाच्या दोन-तीन घरांवर नाही. आणि शेजारचा युस्टीनुस, चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष, शाळेत एका बाकावर बसलेला... त्याचा झेंडा काठीच्या बरोबर मधोमध फडफडत होता. कुणी मेल्यावर फडफडतो तसा.

“जा तिकडं,” एल्सपा म्हणाली. “पण भांडू नकोस. ही बंडी इस्त्रीची आहे.”

कुंपण ओलांडताना मिक्यालच्या डोक्यात वाक्यं तयार होत होती, त्यातली एकही वाचकाला शोभणारी नव्हती. मी तुझ्या मंडळासाठी सभेत उभा राहिलो, युस्टीनुस. माझ्या आवाजावर तुझं चर्च तरलं, आणि तू माझ्या मुलीच्या लग्नाला सुतक... पण युस्टीनुस पोर्चच्या पायरीवर चढून, जीभ दातांत धरून, बोटीच्या आकड्याने काठीवरची कप्पी ठोकत होता, आणि इतका घामाघूम होता की त्या वाक्यांना पाय ठेवायला जागाच राहिली नाही.

“हे मुद्दाम?” मिक्यालने विचारलं.

“मुद्दाम करायचं असतं तर चढवलाच नसता. कप्पी गंजलीय. ना वर जातोय ना खाली येतोय.”

“सगळं गाव फोन करतंय, कोण गेलं म्हणून.”

“माझी अब्रू गेली म्हणावं.” त्याने आकडा खाली टेकला. “आधीच सांगून ठेवतो. मी तो राकुलसाठी चढवतोय. लग्नासाठी नाही.”

“दोन झेंडे आहेत तुझ्याकडं?”

“एकच आहे. तोही अर्ध्यावर.”

दोघं मिळून दोरी ओढू लागले. युस्टीनुसच्या तळव्यांना माशांच्या मिठाचा वास होता, आणि दोरी दोघांच्या हातांत एका तालात येत होती. लहानपणी बोट ओढायचे तशी. “तू त्या सभेत बोललास म्हणून आपलं चर्च वेगळं राहिलं,” युस्टीनुस मध्येच म्हणाला. “आता कुणीतरी म्हणेल, वाचक तर तिथं शेपूट घेऊन उभा होता.”

“म्हणेल.”

“मग काय सांगशील?”

“मुलगी माझी आहे म्हणून.”

“ते उत्तर नाही, मिक्याल. ते कारण झालं.” त्याने हे रागाने म्हटलं नाही. हिशेबनीस चूक दाखवतो तसं म्हटलं, आणि म्हणून ते लागलं. “मी येणार आहे जेवायला. टाळ्या वाजवणार नाही, हे तुला सांगून ठेवतो. सूप घेईन.”

कप्पी किंचाळली आणि झेंडा एकदम वर गेला. पलीकडच्या अंगणातून कुणीतरी शिट्टी मारली.

ते उत्तर नाही, ते कारण झालं... गाडीत बसून बोगद्यातून पलीकडच्या गावच्या सरकारी कचेरीत लग्नाला जाताना हे वाक्य मिक्यालच्या मांडीवर बसून होतं. एल्सपाच्या मांडीवर केक होता. उत्तर म्हणजे काय? सभेत बोललेला एकही शब्द त्याला आज खोटा वाटत नव्हता. ज्याच्यावर विश्वास आहे ते जपायला माणसाला मुभा हवी — यात चूक कुठे आहे? आणि पुढच्या गाडीत, मागच्या काचेतून दिसणाऱ्या त्या दोन अंबाड्यांत, राकुलच्या आणि टोराच्या, त्यातही चूक दिसत नव्हती. दोन बरोबर गोष्टी एका घरात राहतात आणि एकमेकींना फक्त हवा विचारतात.

कचेरीत सगळं पटकन झालं. भिंतीवर मासेमारीच्या हद्दींचा नकाशा होता, टेबलावर कुणीतरी बरणीत रानफुलं ठेवली होती. टोरा राष्ट्रीय पोशाखात अवघडून उभी होती, शालीची चांदीची साखळी पुन्हा पुन्हा चाचपत, जणू तीही कधीही सुटू शकणारा इंजिनाचा भाग होती. राकुल सरळ उभी होती. अधिकारी तरुण होता, आणि वाचायला लागला, आणि मिक्यालला पहिल्या वाक्यातच कळलं की याला वाचता येत नाही.

स्वल्पविराम गिळत होता. जिथे श्वास घ्यायचा तिथे घाई, जिथे जायचं तिथे थांबा. ‘सुखात आणि’ म्हणून त्याने पान उलटलं, आणि ‘दुःखात’ यायला एवढा वेळ लागला की एल्सपाने खोकून घेतलं. मिक्यालच्या जिभेला अक्षरशः कळ येत होती. हे असं नाही रे, मुला. नावानंतर किंचित थांबायचं असतं. राकुल — मग श्वास — मिक्यालची मुलगी. माणसाला स्वतःचं नाव ऐकायला वेळ द्यायचा असतो. मी वाचलं असतं तर... आणि तो विचार तिथेच, पाय उचललेल्या घोड्यासारखा थांबला. त्याने स्वतःला, या खोलीत नाही, तिकडे, वेदीपाशी, जाड काचेतून येणाऱ्या उजेडात, हातात पुस्तक घेऊन उभं असलेलं बघितलं होतं. समोर त्या दोघी. आणि त्याला धक्का बसला तो हे दिसल्याचा नाही, तर ते वाचन किती चांगलं झालं असतं याचा.

त्याने टोपी हातातल्या हातात फिरवली. कारागिराचा अभिमान आहे हा, त्याने स्वतःला सांगितलं. एवढंच. न्हावी कुणाचंही डोकं बघून असाच तळमळतो.

संध्याकाळी हॉलमध्ये उजेड लख्ख होता, जुलैत तो जायचं नाव घेत नाही. सूप झालं, मटण झालं, रेवाचिनीचा मुरंबा फिरला. युस्टीनुस दाराजवळच्या टोकाला बसला होता, बाहेर जायला बरं म्हणून, पण सूप त्याने तीनदा घेतलं होतं. टोराचे वडील एलियास मिक्यालच्या शेजारी होते, रुंद, लालबुंद, गावाकडच्या हेलात इतकं भरभर बोलणारे की मिक्याल प्रत्येक वाक्याला जरा उशिरा हसत होता. मग कुणीतरी चमच्याने पेला वाजवला आणि सगळे त्याच्याकडे बघू लागले. फिती बांधलेलं शेपूट त्याच्या हातात होतं. राकुल समोरच होती. नम्रपणे बघत होती.

आणि त्याने पळ काढला. दुसरा शब्द नाही. गाडीत जुळवलेलं, कुणालाही न लागणारं, पाहुण्यांकडे वळवलेलं कडवं त्याने खणखणीत आवाजात म्हटलं:

“दक्षिणेची बोट आली, पाहुणे उतरले धक्क्यावर,
बोलणं त्यांचं कळेना, पण हसू होतं चेहऱ्यावर;
एलियास, हे शेपूट घ्या, नीट धरा हातात —
आमच्याकडं पाहुण्यांना हेच वाढतात ताटात.”

हॉल हसला. एलियास तर इतके हसले की बाक हलला, आणि उठून लगेच म्हणाले की उत्तरेचं शेपूट वजनाला फारच हलकं आहे, आमच्याकडं मांजराचंही याहून बोलकं असतं. शेपूट पुढे निघालं. पाववाला, शाळेतल्या बाई, टोराची बहीण, म्हातारी बिरिता. बिरिता अडखळली, टेबल बडवलं गेलं, आणि तिने एक इतकी अश्लील ओळ सोडली की मागच्या टोकाला पोरींनी तोंडावर रुमाल धरले. मिक्याल हसत होता. सुटलो, त्याला वाटत होतं. आणि त्याच वेळी, सुटल्याच्या त्या हलकेपणाखाली, काहीतरी फार वाईट वाटत होतं. राकुल टाळ्या वाजवत होती. तिला कडवं कळलं होतं. कोणतं कडवं म्हटलं नाही तेही कळलं होतं, आणि तिने तेही माफ केलं होतं, हवेसारखं.

शेपूट राकुलच्या हातात आलं.

ती उठली. फिती जरा सारख्या केल्या. मग टोराकडे नाही, मैत्रिणींकडे नाही, सरळ टेबलापलीकडे बघितलं, आणि तिच्या हनुवटीत काहीतरी झालं... मिक्यालला ते ओळखीचं होतं. ती हनुवटी त्याने फाटकाशी हजारदा बघितली होती.

“बाबा माझा दार राखतो, किल्ली त्याच्या खिशात,
दारामागं देव बसलाय, आम्ही उभ्या पावसात;
भिजायची आम्हाला सवय, तक्रार नाही काही —
विचारते एवढंच, बाबा, तुला थंडी वाजत नाही?”

कुणी हसलं नाही. एल्सपाने टेबलाखाली त्याचा गुडघा धरला. शेपूट टेबलावरून त्याच्याकडे आलं होतं, राकुलचा हात दुसऱ्या टोकाला अजून तसाच, आणि तो न सोडलेला हात बघून मिक्यालच्या मनात जे आलं ते इतकं बेशरम होतं की तो स्वतःच चकित झाला. आनंद. निव्वळ, भुकेल्यासारखा आनंद. तिने विचारलं. एवढ्या वर्षांनी, भर हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर पोरीने बापाला विचारलं.

पण टेबल बडवायला सुरुवात झाली होती. आधी एकाने, हळू, मग बाकीच्यांनी. रीत ती रीत. रांगेने लावून ठेवलेली सगळी उत्तरं त्याने आत शोधली, आणि ती तिथे होती, नीट होती, पण त्यांतलं एकही थंडीबद्दल नव्हतं. तो उठला. पहिल्या दोन ओळी त्याला ठाऊक होत्या, त्या खऱ्या होत्या. पुढच्या दोन कुठून येणार ते ठाऊक नव्हतं.

“किल्ली माझी नाही, राकुल, राखायला दिलेली,
मनाला येईल तशी फिरवायची बोली नाही झालेली;”

थांबला. दाराशी युस्टीनुसने मान हलवली होती, बरोबर, अशी. थंडी, मिक्याल म्हणाला मनात. तिने थंडीचं विचारलंय. त्याने स्वतःला दाराशी उभं केलं, किल्ली खिशात घालून, आणि कुठे उभा आहे ते बघितलं.

“पण दार राखणारा माणूस काही आत बसत नसतो —
उंबऱ्याबाहेर, तुमच्याशेजारी, तोही भिजत असतो.”

मग पायांचा आवाज झाला, सगळ्या फळ्या हलल्या. एलियास काहीतरी ओरडले, ते कुणाला कळलं नाही. मिक्याल अजून उभाच होता. हे मी म्हणालो? कधी ठरवलं होतं? आयुष्यभर तो समजत होता की आपण आतले आहोत. आतून बाहेर बघतो आहोत, नियमाप्रमाणे, शक्य तेवढ्या मायेने. आणि आता एवढ्या लोकांसमोर, चारांपैकी दोन ओळींत, तो बाहेर येऊन उभा राहिला होता आणि परत जायचा रस्ता कुणी सांगितला नव्हता.

“पुढं दे की,” एल्सपा म्हणाली. त्याने शेपूट दाराच्या टोकाकडे पाठवलं. युस्टीनुसने ते हातात आल्यावर छताकडे बघितलं, आणि म्हणाला की त्याला कडवं येत नाही, पण कप्पीला तेल लावून ठेवावं, एवढंच तो सर्वांना सांगेल. टेबल असं बडवलं गेलं की मुरंब्याचा वाडगा चालू लागला.

बाक मागे सारले जाऊ लागले, पलीकडे नाचाची साखळी धरायला माणसं उठली, आणि राकुल टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीत धपकन बसली. गाल लाल झाले होते.

“भिजत असतो म्हणे,” ती म्हणाली. “तुझ्याकडं छत्री आहे, बाबा. कायद्यात लिहून मिळालेली. आम्हाला नाही.”

“या बेटांवर छत्री टिकते होय?”

“विनोद करू नकोस. कडवं चांगलं होतं, ते मला मान्य आहे. लोकांनी पाय आपटले. तेव्हाही आपटले होते, सभेत. मला रेडिओवर ऐकू आले होते ते पाय.” तिचा आवाज चढत होता, टोरा लांबून बघत होती, पण जवळ आली नाही, शहाणी होती. “आमच्याशेजारी बाहेर उभा आहेस असं म्हणतोस. ठीक आहे. युस्टीनुसकाकाही बाहेर? पाद्रीही बाहेर? सगळे राखणारे जर बाहेर उभे आहेत तर आत कोण आहे, बाबा? कुणासाठी राखताय?”

“देव आहे की.”

“तो आत आहे हे तुला कुणी सांगितलं?”

एरवी इथे वचन यायचं, पान क्रमांकासकट. आलं नाही. आणि गंमत अशी की पायाखालची जमीन सरकल्यासारखंही झालं नाही. फळ्या नाचणाऱ्यांच्या पावलांनी हलत होत्या, तेवढंच.

“मला नाही माहीत,” मिक्याल म्हणाला. “पण मी ते दार सोडणारही नाही, राकुल. पुढं चर्चमध्ये यावर मत द्यायची वेळ आली तर मी काय देईन, ते आज सांगता येत नाही. कदाचित तेच देईन.”

“मग मी तुझ्याशी भांडेन.”

“भांड.”

“आज नको, आज लग्न आहे माझं. रविवारी. तू वाच, मी पुढच्या बाकावर बसेन, टोरालाही आणेन. आणि गचाळ वाचलंस तर तेही सांगेन.” ती उठली, जाता जाता त्याच्या बंडीचं एक बटण काजाबाहेर आलं होतं ते तिने खसकन आत ढकललं, जरा जास्तच जोरात, आणि साखळीत, टोरा आणि एलियास यांच्या मध्ये, त्यांचे हात सोडवून घुसली.

एल्सपा रिकामे पेले गोळा करत आली. “काय म्हणत होती? आवाज किती चढला होता.”

“काही नाही,” मिक्याल म्हणाला. “रविवारी येते म्हणाली.”

रविवारचा उतारा कोणता ते त्याला पाठ होतं, शेवटचा स्वल्पविराम कुठे आहे तेही. पण आता ती पुढच्या बाकावर बसून ऐकणार म्हटल्यावर त्यातलं वाक्यन् वाक्य अनोळखी वाटू लागलं होतं, कुणीतरी रात्रीत जागचं हलवून ठेवल्यासारखं, आणि ते प्रत्येक उचलून खाली काय आहे ते बघावं लागणार होतं. आत कोण आहे... नाचणाऱ्यांची साखळी त्याच्यासमोरून गेली, वळली, परत आली. त्याला ते कडव्यात बसवायची घाई नव्हती. त्याने दोन्ही पाय फळ्यांवर नीट टेकवले, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा, बाहेर हवा कशी आहे, याची त्याला काहीच कल्पना नव्हती.